दुधाचा गेटपास

अंगावरचं दूध काढून फ्रिजमध्ये ठेवलं तर दोन-तीन दिवस टिकतं. त्यापायी घडलेले किस्से मात्र बाहेर ठेवले तरी नासत नाहीत. आमच्याकडे कुणाचंही डोहाळजेवण असलं की जेवणं आटोपल्यावर बायका माझ्याभोवती कोंडाळं करतात आणि म्हणतात, "शुभांगी, तो टँकरवाला सांग ना." मग एकावरून दुसरा निघतो आणि भांडी घासायची तशीच राहतात. म्हटलं, एकदाचे लिहूनच काढू.

आधी थोडं माझ्याबद्दल. हिंगण्याला मिठाईचा कारखाना आहे, तिथे मी क्वालिटीत आहे. राहायला लकडगंजात, नवऱ्याचं प्लायवूडचं दुकान. आमची रेवा आठव्या महिन्यातच आली, वजन एक किलो नऊशे ग्रॅम. डॉक्टर मॅडमनी बजावलं होतं की सहा महिने होईपर्यंत ही साडेपाच किलोंची झाली पाहिजे. डब्याच्या दुधाला माझा अजिबात विरोध नव्हता, विरोध रेवाचा होता. दोनदा पाजून पाहिलं, दोन्ही वेळा तिने ते माझ्या खांद्यावर परत केलं. म्हणजे काय ते माझंच दूध. आणि माझी रजा? आठ आठवडे बाळंतपणाआधीच बेडरेस्टमध्ये गेलेले, उरलेली चार महिन्यांत संपली. पुढचे दोन महिने दूध हिंगण्यात आणि पोर लकडगंजात, असा सगळा मामला होता.

*

पहिला किस्सा मात्र दवाखान्यातला. रेवा काचेच्या पेटीत खालच्या मजल्यावर, मी वर. तिला ओढून प्यायची ताकद नव्हती, म्हणून सिस्टरने पंप आणायला सांगितला. नवरा, प्रणय, तासाभरात घेऊन आला. येताना त्याने माहितीपत्रक इतकं पाठ केलं होतं की सिस्टरला तोच शिकवायला लागला.

पाऊण तास पंप घरघरत राहिला. निघालं किती? आठ मिली. मला रडूच आलं, पण सिस्टर म्हणाली, हेच सोनं आहे, लगेच खाली पोचवा. प्रणयने ती वाटीएवढी बाटली दोन्ही हातांत धरली. लिफ्ट मध्येच अडकली तर काय, म्हणून जिन्याने निघाला. एकेक पायरी मोजून, नजर बाटलीवर, ओठ घट्ट मिटलेले. समोरून येणारी माणसं आपोआप बाजूला होऊ लागली. एकाने तर चप्पल काढली.

खालच्या वळणावर एक आजीबाई बसल्या होत्या. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि तीर्थ घ्यायला करतात तसा उजवा हात पुढे केला.

प्रणय थांबला. त्याला नाही म्हणवेना आणि देताही येईना. शेवटी म्हणाला, "आजी, हे एकीच्याच नावाचं आहे."

आजींनी रिकामाच हात कपाळाला लावला आणि म्हणाल्या, "तिले लाभो बाप्पा."

*

आता कारखाना. रजेनंतरचा पहिला दिवस. प्रथमोपचाराच्या खोलीला आतून कडी होती, ती मला दोन वेळा वीस-वीस मिनिटांसाठी मिळाली. तेवढा वेळ ढोके काका लाइन बघणार असं ठरलं. ढोके काका म्हणजे लॅबमधले माझे सीनियर, रिटायरमेंटला आलेले. संध्याकाळी एकशे ऐंशी मिली दूध, बर्फाचा डबा, असा सगळा जामानिमा घेऊन मी कंपनीच्या बसकडे निघाले तर गेटवर मेश्राम भाऊंनी अडवलं. मेश्राम भाऊ आमचे सिक्युरिटीवाले. माणूस देवासारखा, पण नियमापुढे बापालाही मानत नाही.

"डब्यात का आहे मॅडम?"

दूध आहे, म्हटलं. मिठाईच्या कारखान्यातून संध्याकाळी दूध घेऊन निघालेल्या बाईकडे सिक्युरिटीवाला जसा बघेल तसं त्यांनी बघितलं. मी हळू आवाजात खुलासा केला. त्यांचे कान लाल झाले. पण नियम तो नियम, गेटपासशिवाय कारखान्यातून टाचणीही बाहेर जात नाही. ते म्हणाले, माल कंपनीचा असो की स्वतःचा, पास लागतेच.

मग पास भरणं आलं. खाली मान घालून ते विचारत होते आणि मी सांगत होते. माल काय? दूध. किती? एकशे ऐंशी मिली. कुठे चाललं? लकडगंज. पार्टीचं नाव? रेवा. मागे बसमध्ये चाळीस माणसं खोळंबलेली आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.

शेवटच्या रकान्यापाशी त्यांचं पेन अडलं. बराच वेळ विचार केला आणि अगदी अदबीने विचारलं, "मॅडम, हा माल वापस येनार का नाही?"

म्हटलं, भाऊ, ज्या स्वरूपात येईल त्या स्वरूपात तुम्ही आत घेणार नाही.

त्यांनी "वापस येणार नाही" यावर खूण केली. वर सही लागते ती प्लांटच्या मोठ्या साहेबांची, ते तोंडातून शब्द न काढणारे गृहस्थ. त्यांनी कागदावरची नजर न उचलता सही केली. पुढे रोज संध्याकाळी हाच सोहळा. मी त्यांच्या टेबलावर पास ठेवायची, ते सही करायचे, आणि दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचो.

*

इतकं सव्यापसव्य करून ते एकशे ऐंशी मिली घरी आलं. सासूबाईंच्या हाती दिलं, फ्रिजमध्ये ठेवा म्हटलं आणि अंघोळीला गेले. बाहेर आले तर स्वयंपाकघरात करपल्याचा वास.

सासूबाई गॅसपाशी उभ्या. समोर दोन लिटरचं पातेलं, त्याच्या बुडाशी माझ्या दिवसभराच्या मेहनतीचा तपकिरी पापुद्रा. त्यांच्या घरात आलेलं दूध गेली पस्तीस वर्षं आधी तापतं, मग फ्रिजमध्ये जातं. त्याला अपवाद असतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मीही नाही.

"लय पातळ आहे वं तुहं दूध," त्या काळजीने म्हणाल्या. "साय धरते का म्हून पाहून राहिली होती, तं लागलंच."

मी तिथेच फरशीवर बसून रडले. राग नव्हता, नुसती दमले होते. सासूबाईंनी आधी पातेलं पाण्यात टाकलं, मग रेवाला आणून माझ्या मांडीवर दिलं, आणि मग त्याही माझ्याशेजारी फरशीवर बसल्या. तासभर बसून राहिल्या. गुडघ्यांनी उठवेना तेव्हा प्रणयने येऊन आम्हा दोघींना उठवलं.

दुसऱ्या दिवसापासून काय बिशाद कुणाची त्या बाटल्यांना हात लावायची. शेजारच्या काकू एकदा बर्फ मागायला आल्या आणि आमचा फ्रिज उघडायला गेल्या, तर सासूबाईंनी त्यांना फ्रिजपासून दोन हात लांब उभं करून आईचं दूध कसं ठेवतात, कसं कोमट करतात, गॅसवर का ठेवत नाहीत, यावर अर्धा तास ऐकवलं. काकूंचा मुलगा तेव्हा बत्तीस वर्षांचा होता.

*

आता तो टँकरवाला. आमच्या लॅबमध्ये रोज सकाळी दुधाचे टँकर तपासतात. पाणी घातलंय का, साखर घातलीय का, सगळं बघायचं आणि मगच टँकर आत सोडायचा. हे काम ढोके काकांचं. त्यांची एकच शिस्त, सॅम्पलच्या फ्रिजमध्ये लेबल लावलेली बाटली दिसली की तिची तपासणी झालीच पाहिजे, विचारायचं बिचारायचं नाही. आणि माझी चूक अशी की हाताची सवय म्हणून मी माझ्या बाटलीवरही तारीख, वेळ आणि मिली घालून लेबल लावलं, आणि प्रथमोपचाराचा फ्रिज बंद पडला म्हणून एका दिवसापुरती ती सॅम्पलमध्ये ठेवली.

दुपारी पाहते तर बाटलीतलं वीस मिली दूध कमी. आणि टेबलावर काकांच्या सुबक अक्षरातला रिपोर्ट: "प्रोटीन फारच कमी. रंग निळसर. पाणी मिसळल्याचा दाट संशय. सप्लायरचं नाव नाही. टँकर परत पाठवावा."

काका टँकर शोधायला गेटपर्यंत जाऊन आले होते. टँकर लॅबच्या दारातच उभा होता, हातात रिकामा पंप घेऊन.

उलगडा झाल्यावर काका दोन दिवस माझ्यासमोर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी काकूंच्या हातचे डिंकाचे लाडू भरलेला डबा माझ्या टेबलावर ठेवला. "पोरी, चुकलं माह्यं," म्हणाले. जाता जाता दारात थांबले. "पन लेबल तुनं बराबर लावलं होतं."

*

एप्रिलअखेरीची गोष्ट. नागपूरचं ऊन काय असतं ते नागपूरकरांना सांगायला नको. परतीच्या वाटेत बसचा पंखा बंद, रस्ता खोदलेला, अर्धा तास एकाच जागी. मी डब्याचं झाकण उघडून पाहिलं तर बर्फाचं पाणी झालेलं. बर्फ गेला असं हळूच बोलले असेन, पण ड्रायव्हर भाऊरावांनी आरशात पाहिलं आणि बस वळवून एका रसवंतीसमोर उभी केली.

बसमधले सगळे पुरुष उतरले. कुणी काही विचारलं नाही, कुणी माझ्याकडे पाहिलंही नाही. रसवंतीवाल्याने लादी फोडून दिली, एकाने रुमालात गुंडाळली, एकाने डब्यात बाटलीभोवती नीट रचली. मग उतरलोच आहोत तर म्हणून सगळ्यांनी एकेक ग्लास रस घेतला. त्या दिवसापासून ती बस रोज तिथे थांबू लागली. बर्फ विचारायचं निमित्त, रस प्यायचं काम. मला घरून बर्फाचे दोन डबे मिळू लागले तरी भाऊराव म्हणायचे, "मॅडम, बर्फ पाहून घ्या एकदा, पोरीच्या दुधाचा सवाल आहे."

*

मे लागला आणि हसण्यावारी नेण्यासारखं काही उरलं नाही. ढोके काका गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी दोन महिन्यांच्या रजेवर गेले. लॅबमधली तिसरी जागा वर्षभर रिकामीच. क्वालिटीचा माणूस हजर नसेल तर लाइन चालवायची नाही, हा मोठ्या साहेबांचा स्वतःचा नियम. म्हणजे मी लाइन सोडायची नाही. पहिल्या दिवशी एक वेळचं दूध काढायचं राहिलं, दुसऱ्या दिवशी दोन्ही वेळचं. मागेल तेवढं येतं आणि मागितलं नाही की आटतं, दुधाचं गणित इतकं सरळ आहे. आठवडाभरात एकशे ऐंशीचं शंभर झालं, शंभरचं साठ. रेवाचं वजन पाच किलोंवर दोन आठवडे जे अडलं ते हलेना. डॉक्टर मॅडमनी चष्मा काढून ठेवला तेव्हाच मी घाबरले.

त्या संध्याकाळी पासवर मी लिहिलं, "दूध, ३० मिली." एवढ्यासाठी सही मागायची लाज वाटत होती. साहेबांनी पेन उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"गेल्या सोमवारी शंभर होतं," ते म्हणाले. "त्याच्या आधी एकशे ऐंशी. काय झालं?"

मी कॅलेंडरकडे बघत सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, सही केली आणि पास परत दिला.

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला लाइन थांबली. वीस मिनिटं. दुपारी तीनला पुन्हा वीस मिनिटं. प्रॉडक्शनवाले धावत साहेबांकडे गेले, तेव्हा उत्तर मिळालं की क्वालिटीचा माणूस लाइनवर नसेल तर लाइन चालवायची नाही, नियम ठाऊक नाही का? पॅकिंगच्या बायकांना दोन वेळा चहा मिळू लागला, त्या माझ्यावर भलत्याच खूश. पंधरा दिवसांत पासवरचा आकडा पुन्हा दीडशेला गेला. रेवा पाच किलो तीनशे झाली आणि डॉक्टर मॅडमनी चष्मा पुन्हा घातला. म्हणाल्या, आता मध्ये खंड पडू देऊ नका.

आणि नेमकं त्याच संध्याकाळी मी पास घेऊन गेले तर साहेबांच्या टेबलावर फोन स्पीकरवर होता. पलीकडे हेड ऑफिस. लाइन रोज दोनदा वीस-वीस मिनिटं बंद पडते, पंधरा दिवस झाले, नेमका प्रॉब्लेम काय आहे, मशीनचा आहे की माणसाचा, आणि कायमचा कधी सुटणार, ठोस तारीख द्या, असा पट्टा सुरू होता. मी दारातूनच मागे फिरले, तर साहेबांनी हातानेच आत बोलावलं.

फोनचा आवाज त्यांनी बंद केला. माझ्यापुढे हात केला, पास घेतला, आकडा वाचला, सही केली.

मग विचारलं, "मॅडम, बाळाचं उष्टावण कधी करताय?"

"जूनच्या पहिल्या रविवारी."

साहेबांनी कॅलेंडरवर तो रविवार शोधला आणि फोनचा आवाज पुन्हा सुरू केला.

"सर, तारीख घ्या लिहून," ते म्हणाले.