बूट निघत नाहीत

इंजिनिअरिंग अर्धवट सोडल्यापासून आमच्या घरात प्रत्येकाजवळ माझा एकेक किस्सा जमा आहे. त्यात मी चेल्सी बूट घेतले आणि आठ दिवसांत ढीग लागला. दुसऱ्यांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगतो!

चेल्सी म्हणजे घोट्यापर्यंतचे, बिनलेसचे, बाजूला इलॅस्टिक. सोमवारी हिंगणघाटच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये सुपरवायझरच्या जागेसाठी मुलाखत होती. ही गेली तर बाबा मला मामाच्या किराणा दुकानात बसवणार होते. मार्कशीट दाखवण्यासारखी नव्हती. म्हटलं, पाय दाखवू!

*

बाबांनी बूट उलटा करून पाहिला. "लेस काऊन नाई याले?"

"फॅशन आहे."

"डिग्री अर्धी, बूटही अर्धाच!"

हा माणूस एकच सँडल वर्षानुवर्षं शिवून घालतो. सल्ले मात्र रोज नवे देतो.

*

नवं चामडं टाचेला चावतं. यूट्यूबवरचा गोरा म्हणाला, "दोन मोजे चढवा आणि घरात फिरा." त्याच्या घरी आई नसावी. आईने बूट उंबऱ्याच्या आत येऊ दिले नाहीत, म्हणून मी अंगणात येरझारा घालायला लागलो.

शेजारच्या काकू भिंतीवरून म्हणाल्या, "काऊन रे, रस्ता सापडून नाई राह्यला काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी नणंदेलाही बघायला बोलावलं. मी लंगडत आत गेलो, तर मागून आवाज, "आज लवकर संपलं वाटते!"

*

दोस्त निल्या म्हणाला, "तेल चोपड, मऊ होते." कोणतं, ते त्यानेही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. घरात जवसाचं होतं. चांगलं वाटीभर जिरवलं आणि बूट दोन दिवस उन्हात ठेवले. तेल वाळून बूट पापडासारखा कडक झाला! वर चटणीचा वास.

आई म्हणाली, "आता भाकरीसंगं खाय."

*

सोमवारी आंजी गावचे मोठे काका सोबत निघाले. रिटायर्ड हेडमास्तर. "शेठ मले चांगला ओळखते. माझा शब्द खाली नाई पडत. तू फक्त साधी चप्पल घालून येजो," असं त्यांनी बजावलं होतं. म्हणूनच मी मुद्दाम बूट घातले. बसमध्ये पूर्ण वेळ त्यांचं चालू होतं, "आम्ही अनवाणी शिकलो!" मी ऐकत होतो आणि टाचेचे फोड मोजत होतो.

जिनिंगच्या ऑफिसात गादीची बैठक. पायताण दाराबाहेर. काकांनी चप्पल सोडली. मी बूट ओढला. हलेना! दोन मोजे, फोडांवरच्या चार पट्ट्या, वाळलेलं जवस. मी एका पायावर नाचायला लागलो.

आतून शेठचा आवाज आला, "या ना, या!"

"इज्जत घालवतं लेका!" असं म्हणत काका दाराशीच खाली बसले. माझी टाच दोन्ही हातांत धरली.

"पाय ढिला सोड!"

"काका, तुम्ही ओढा ना नीट!"

बूट सटकन निघाला. काका मागच्या सरकीच्या ढिगावर उताणे, बूट छातीशी. तेवढ्यात शेठ दारात आले. आधी काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला हात जोडून म्हणाले,

"या साहेब, आत या. तुमच्या माणसाले बाहेर बसू द्या."