लांडगिणीचं बीळ फॉर्मवर लिहू की नको?

मित्रांनो, दुपारपासून डोक्यात गोंधळ आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

जिल्ह्यात लांडगे टिकावेत, वाढावेत म्हणून वनखात्याच्या नोंदी सुरू आहेत. मी त्यात स्वयंसेवक आहे. आज अर्जुनी मोरगावजवळच्या माळावर बकऱ्या चारणाऱ्या सुखदेवभाऊंनी मला लांडगिणीचं बीळ दाखवलं. आत पिल्लं होती. मी आनंदाने फॉर्म काढला.

"लिवू नोका सर."

"काऊन?"

"तीन सालापासून पाहून राहिलो. बायकोलेबी सांगतलं नाही. तुमी लिवान, त सायेब येतीन, सायबामांगं गाव येईन, अन् कोनीतरी बिळात धूर करन."

"पण ती तुमच्या बकऱ्या नेते ना?"

"नेते ना, वर्षाची एखादी. जावयापेक्षा कमीच खाते!"

मी हसलो, शब्द दिला आणि फॉर्म मिटला. त्यांनी विश्वास टाकला, याचंच मला जास्त बरं वाटलं, हेही कबूल करतो.

परत येताना आठवलं, की जिथे लांडग्याची नोंद नाही, त्या माळांवर उन्हाळ्यात रोपांसाठी खड्डे खोदणार आहेत. म्हणजे मी गप्प राहिलो तर लांडगिणीची दरवर्षीची जागाच जाईल.

सुखदेवभाऊंना हे ठाऊक नाही. फॉर्म उद्या सकाळी द्यायचा आहे, आणि त्यांच्याकडे फोन नाही.

तुम्ही काय केलं असतं?