खिडकी बंद, ताट वेगळं

"थुंकीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. टीबी आहे," डॉक्टर म्हणाल्या. ऐकल्याबरोबर मी खुर्ची मागे सरकवली. म्हणजे माझा आजार मला कळला आणि मी त्यांच्यापासून लांब झाले. बत्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलेली बाई मी, पण त्या क्षणी डोक्यात विज्ञान वगैरे काही नव्हतं. आपण घाण झालो, एवढंच वाटलं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर माझी सून वैशाली बसली होती. तिनेही खुर्ची सरकवली. माझ्यापेक्षा जरा जास्तच.

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यातली ही गोष्ट. डॉक्टर तरुण होत्या, माझ्या शेवटच्या बॅचमधल्या मुलींपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी आजाराचं पूर्ण नाव सांगितलं, पल्मनरी ट्युबरक्युलोसिस. म्हणजे फुफ्फुसाचा क्षयरोग. माझी जी तपासणी झाली तिला सीबीनॅट म्हणतात. थुंकीत क्षयाचे जंतू आहेत का आणि मुख्य औषध त्यांना लागू पडेल का, हे तिचं मशीन दोन-तीन तासांत सांगतं. माझे जंतू औषधाला दाद देणारे निघाले. "सहा महिने गोळ्या. एकही दिवस चुकवायचा नाही. बऱ्या होणार तुम्ही," डॉक्टर म्हणाल्या.

तुमच्यापैकी कुणाला खोकला सुरू असेल तर माझ्यासारखा शहाणपणा करू नका. मी दिवाळीपासून खोकत होते. संध्याकाळी अंगात कणकण यायची, उशी घामाने ओली व्हायची, ब्लाउज ढगळ व्हायला लागले. मी म्हणायचे, उसाचे ट्रॅक्टर सुरू झालेत, धुरळा आहे, होणारच. सेवानिवृत्तीनंतर बारीक झाले म्हणून मैत्रिणींपुढे मिरवत होते! दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला म्हणजे थुंकी तपासायची, हे मी मुलांकडून घोकून घेतलंय. स्वतःला मात्र दोन महिने सूट दिली.

निघताना डॉक्टरांनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिले काही आठवडे तोंडाला मास्क. झोपायची खोली हवेशीर, खिडक्या उघड्या. घरातल्या सगळ्यांची तपासणी, विशेषतः माझ्या चार वर्षांच्या नातीची, ओवीची. तोवर तिला जवळ घ्यायचं नाही. वैशालीने मान डोलावली. मला वाटलं, चला, ऐकलं सगळं.

घरी आलो तर दोन तासांत माझी खोली तयार. कॉट, पाण्याचा वेगळा माठ, आणि एक स्टीलचं ताट, वाटी, पेला. ताटाला मागच्या बाजूने लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलेला, चुकून बाकीच्यांत मिसळू नये म्हणून. खिडकी घट्ट बंद आणि फटीत जुन्या साडीचे बोळे. डिसेंबरची थंडी होती, गार वारा छातीला बाधतो म्हणून. मलाही हुडहुडी भरायची, मीही गप्प बसले.

आमचं घर काष्टीजवळ. मुलगा सुनील कारखान्यात नोकरीला, वैशाली घरी शिवणकाम करते. रोज संध्याकाळी आम्ही चौघं स्वयंपाकघरात गोल करून जेवायचो, ओवी माझ्या मांडीला चिकटून. आता वैशाली माझं ताट उंबऱ्याशी ठेवायची, दोन पावलं मागे जायची आणि म्हणायची, "आई, घ्या." जेवण झाल्यावर ताट मीच घासायचं आणि खोलीतच पालथं घालायचं. पलीकडून ओवीच्या हसण्याचा आवाज यायचा. मी भाकरीचा तुकडा हातात धरून तो आवाज ऐकत बसायचे. खोटं कशाला बोलू, रडायचे.

गोळ्यांनी मळमळायचं. लघवी केशरी व्हायची, ती औषधाच्या रंगाने होते, घाबरू नका. सांधे दुखायचे. हे सगळं सोसवलं. ते ताट सोसवेना.

त्याला कारण आहे. आमच्या घराण्याने छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. माझे सासरे सांगायचे, त्यांच्या लहानपणी गावातल्या चहाच्या हॉटेलात त्यांच्यासाठी वेगळी कपबशी असायची. बाहेर वळचणीला. चहा पिऊन आपली आपण धुवायची आणि पुन्हा तिथंच ठेवायची. हे सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज चिरका व्हायचा. अशा घरात, त्यांच्याच तसबिरीखाली, त्यांची सून आपलं वेगळं ताट आपण घासून पालथं घालत होती.

पंधराव्या दिवशी माझा तोल गेला. मुळात मी फटकळ. मास्क लावून उंबऱ्यात उभी राहिले आणि म्हणाले, "वैशाली, टीबी भांड्याने होत नाही. हवेतून होतो. हे सोंग बंद कर."

ती शांतपणे म्हणाली, "आई, आपण काय अंगारे-धुपारे करतोय का? हे तर सायन्स आहे."

"कुठलं सायन्स?"

"तुमचंच. सातवीला तुम्हीच लिहून दिलं होतं फळ्यावर. रुग्णाचे ताट, वाटी, पेला वेगळा ठेवावा. पाच सूचना होत्या, ही तिसरी. चाचणीत मला पाचपैकी पाच मिळाले होते."

वैशाली खरंच माझी विद्यार्थिनी. तिच्या माहेरच्या गावात मी अकरा वर्षं शिकवलं, पुढे ती माझ्याच घरी सून होऊन आली. त्या पाच सूचना पुस्तकातल्या नव्हत्या, माझ्या होत्या. डी.एड.ला आम्हाला आमच्या बाईंनी दिलेल्या, त्यांना त्यांच्या बाईंनी. कुणीतरी कधीकाळी ते खरं मानून लिहिलं असेल, त्या काळचे डॉक्टरही तसंच सांगत असतील. मी तर ठसठशीत अक्षरात लिहायचे आणि खाली दोन रेघा मारायचे.

माझी बदली पुढच्या गावात झाल्यावर एकदा शिक्षकांचं आरोग्य प्रशिक्षण झालं. तिथं एका वैद्यकीय अधिकाऱ्यांनी सांगितलं की ताटवाटीने क्षय पसरत नाही. मी ते वहीत टिपून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तिसरी सूचना फळ्यावर लिहिणं बंद केलं. झालं! मला वाटलं, चूक दुरुस्त झाली. ज्या शेकडो पोरांनी ती पाठ करून मार्क मिळवले होते ती तोवर सासरी गेली होती, नोकरीला लागली होती. त्यांना कोण सांगणार होतं?

लोक म्हणतात, अडाणीपणामुळे जुन्या समजुती टिकतात. माझा आता यावर विश्वास नाही. आमच्या घरात नवस नाही, गंडा नाही, दोरा नाही. शनिवार पाळत नाही. आमच्या घरात समजूत शिरली ती खडूने, मार्कांसकट, आणि म्हणून तिच्यावर कुणी शंकाच घेतली नाही. शिवाय ताट घासता येतं, उकळत्या पाण्यात बुचकळता येतं. त्याने आपण लेकराला वाचवतोय असं वाटतं. हवेला काय घासणार? वैशाली घाबरलेली आई होती. तिच्या हाताला काहीतरी काम हवं होतं.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांपुढेच विषय काढला. त्या म्हणाल्या, "भांडी राहू द्या. खिडकी उघडी असते ना?"

आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे ताट उकळता आणि खोली बंद करता? उलटं केलंत तुम्ही सगळं. जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि कोंडलेल्या हवेत राहतात. औषध नीट सुरू झालं की दोन-तीन आठवड्यांत धोका बराच कमी होतो. पण तोपर्यंत खिडकीच तर उघडी ठेवायची असते." त्या ओरडल्या नाहीत, पण वैशालीचा चेहरा पांढरा पडला. त्याच खोलीत, मी जेवत असताना, ओवी दारातून वाकून वाकून माझ्याशी बोलायची.

एवढे दिवस लांबलेला ओवीचा एक्स-रे आणि बाकी तपासण्या झाल्या. रिपोर्ट येईपर्यंतचे चार दिवस कसे काढले ते मी लिहू शकत नाही. तिला टीबी झालेला नव्हता. पुढेही होऊ नये म्हणून औषध सुरू केलं. सुनीलने घरी येऊन फटीतले बोळे उपसून काढले आणि खिडकी उघडली ती आजतागायत उघडी आहे.

ताट मात्र वेगळंच राहिलं. वैशाली म्हणायची, "पटलंय हो आई मला. पण हात होत नाही." मी चिडायचे, धुसफुसायचे, दोन दिवस बोलायचे नाही. ओवी माझ्या कुशीत यायला लागली, वजन वाढलं, खोकला गेला, आणि तरीही उंबऱ्याशी लाल ठिपक्याचं ताट. सहा महिन्यांनी डॉक्टरांनी कार्डावर 'बरी' असं लिहिलं. त्या संध्याकाळीही मी एकटीच जेवले.

जेवता जेवता मला हिराबाई आठवली.

हिराबाई वैशालीच्या माहेरच्या शाळेत खिचडी शिजवायची. तिला टीबी झाला, तिने औषधं पूर्ण घेतली, बरी होऊन कार्ड घेऊन कामावर परत आली. मुख्याध्यापक तिला ठेवायला तयार होते. मीच म्हणाले, मुलांच्या ताटांचा प्रश्न आहे, धोका नको. माझा शब्द शाळेत चालायचा. तिला काढलं. वर मी तिला समजावून सांगितलं होतं, अगदी प्रेमाने, की घरीसुद्धा तुझं ताट वेगळं ठेव गं. याला वीस वर्षं होत आली. मला स्वतःला उंबऱ्याशी सहा महिने बसावं लागलं, तेव्हा कुठे तिची आठवण झाली. लाज वाटली. फार वाटली.

दुसऱ्या दिवशी मी वैशालीला म्हणाले, स्कूटी काढ.

हिराबाईने मला लगेच ओळखलं. "या या बाई, लई वाळलात की! अन् ही वैशी न्हाई का?" तिची सून भाकरी थापत होती. बळेबळेच जेवायला बसवलं. सुनेने आम्हा दोघींना वाढलं, स्वतःला घेतलं. हिराबाईने कोनाड्यातलं एक जर्मनचं, म्हणजे अॅल्युमिनियमचं ताट काढलं, चेपलेलं, आणि चुलीपासून लांब, दाराशी जाऊन बसली.

"तिकडं का बसलात?" वैशालीने विचारलं.

"माझं हितंच असतं. मला टीबी झालता ना."

सुनेने वरही बघितलं नाही. घरात हे रोजचंच होतं.

मी घास खाली ठेवला. मास्तरकीचा सगळा तोरा उतरला होता. म्हणाले, "हिराबाई, मी तुला चुकीचं सांगितलं होतं. भांड्याने काही होत नाही. तू बरी झाली होतीस. तुला कामावरून काढायचं काही कारण नव्हतं. मला माफ कर."

मला वाटलं, शिव्या घालेल. घातल्या असत्या तर बरं झालं असतं. तिने सावकाश विचारलं, "म्हंजी नातवाला मी माझ्या हातानं घास दिला असता तर चाललं असतं?"

"हो."

"त्यो आता कालिजात हाय, पुन्याला."

वैशाली उठली. दाराशी जाऊन हिराबाईच्या शेजारी बसली आणि तिच्या ताटातली भाकरी मोडून खाल्ली. "नगं गं पोरी, नगं," हिराबाई ताट मागे ओढायला लागली. वैशालीने दुसरा घास घेतला. ती रडत होती, पण खात होती. हिराबाईने ताट सोडून दिलं आणि मला विचारलं, "बाई, हे तुमास्नी कवा कळलं?"

"झाली दहा-बारा वर्षं."

"तवा तर तुमची स्कूटी रोज माझ्या दारावरनं पुढच्या गावाला जायाची. मी हात करायचे, तुमी हसायच्या. मंग थांबून सांगितलं का न्हाई?"



त्या संध्याकाळपासून मी घरात सगळ्यांबरोबर जेवते. वैशालीने चार ताटं मांडली. मी बरी झाले ते सरकारी दवाखान्यातल्या त्या पोरसवदा डॉक्टरांमुळे, गोळ्या दारात आणून देणाऱ्या आशाताईंमुळे, आणि चुकीची का होईना पण जीव तोडून काळजी करणाऱ्या सुनेमुळे. या सगळ्यांची मी ऋणी आहे. तुमच्या घरात कुणाला हा आजार झाला तर घाबरू नका, गोळी चुकवू नका, खिडकी उघडा आणि माणसाला पंगतीत घ्या. आणि तुम्ही कधी कुणाला काही शिकवलं असेल, आणि पुढे ते खोटं ठरलं असेल, तर तेही जाऊन सांगा.

मी दर बाजारच्या दिवशी हिराबाईकडे जाते. चहा होतो, गप्पा होतात. तिच्या सुनेने तिला आत जेवायला बोलवायला सुरुवात केलीय. ती अजून दाराशीच बसते. म्हणते, "ऱ्हाऊ द्या बाई, आता आत बसलं की घास उतरत न्हाई."