माझा कोंडा, तिचा कोंडा

आयोडीनचा थेंब पडला आणि माझी ट्यूब निळीच झाली. शेजारची केतकीची ट्यूब फिकट पिवळी राहिली. आमच्या लॅबचे प्रमुख अमीनसाहेब यांनी दोन्ही उजेडात धरून पाहिल्या आणि तिची जरा जास्त वेळ हातात ठेवली. तेवढं बघून माझ्या पोटात दुखायला लागलं.

निळी होणं वाईट का, ते सांगते. कापड विणण्याआधी सुताला स्टार्चची खळ लावतात. विणून झालं की ती खळ काढावी लागते आणि ते काम एन्झाइम करतं. स्टार्च खाऊनच टाकतं म्हणा. पण मिलमध्ये हे सगळं कढत पाण्यात चालतं आणि साधं एन्झाइम तिथे मरतं. मेलं की स्टार्च तसाच राहतो आणि आयोडीन टाकलं की निळा होतो. माझं एन्झाइम सत्तर डिग्रीला मेलं होतं. तिचं ठणठणीत होतं.

आमची एन्झाइम बनवणारी कंपनी शहराबाहेर, बाजव्याच्या पुढे. मी तिथे जुनी मायक्रोबायॉलॉजिस्ट, केतकी नुकतीच आलेली. ती वाडीतली, मी नागरवाड्यातली, म्हणजे दोघीही या गुजराती शहरातल्या मराठी वस्त्यांमधल्या, त्यामुळे ती मला पहिल्या दिवसापासून शैलाताई म्हणायची. साहेबांनी दोघींना हे एन्झाइम तयार करणारी एकच बुरशी दिली होती, शेणखताच्या तापलेल्या ढिगातून काढलेली. नवी ट्रे रूम उभी राहत होती. जिचं एन्झाइम गरम पाण्यात टिकेल, ती तिथली इन-चार्ज. ती जागा माझीच, असं मी धरून चालले होते. इतकी वर्षं काय उगाच काढली होती?

पद्धतीला सॉलिड स्टेट फर्मेंटेशन म्हणतात. बुरशी टाकीतल्या पाण्यात न वाढवता ट्रेमध्ये, गव्हाच्या ओलसर कोंड्यावर वाढवायची. कोंडा मुठीत दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. बुरशी वाढताना स्वतः उष्णता सोडते, म्हणून थर पातळ ठेवायचा, नाहीतर ती स्वतःच्याच उष्णतेनं मरते. शेवटी तो कोंडा पाण्यात भिजवायचा आणि पिळायचा. एन्झाइम त्या पाण्यात उतरतं. यातलं एकही काम मी केतकीपेक्षा वाईट करत नव्हते. उलट तिचे ट्रे वेडेवाकडे भरलेले असायचे.

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा माझी निळी, तिची पिवळी. आता मला तिचं सगळंच खुपायला लागलं. तिचं हसणं, डब्यातली ढोकळी, साहेबांशी फाडफाड गुजराती बोलणं. घरी नवरा म्हणाला, "या मुलीबद्दल जेवढं बोलतेस तेवढं माझ्याबद्दल कधी बोलली नाहीस."

ही गुपचूप काहीतरी घालते, अशी माझी खात्री झाली. मग मी सरळ तिच्या ट्रेमधला कोंडा मागून घेतला. तिनं हसत दिला, तेही मला आवडलं नाही. माझ्या टेबलावर, माझ्या हातानं भिजवला, पिळला, स्टार्च घालून तापवला. आयोडीन टाकलं. निळी!

इतका आनंद मला पगारवाढीनंही झाला नव्हता. मी तडक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, तिच्या कोंड्यात काही विशेष नाही. मी केलं तर मरतं. ती पिळताना काहीतरी मिसळते."

"शैलाबेन, आरोप मोटो छे," साहेब म्हणाले. "चला, समोरच करू."

केतकीला बोलावलं. मी म्हटलं, कंट्रोल लावू. कंट्रोल म्हणजे बाकी सगळं तेच ठेवून एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडतो ते कळतं. म्हणून या वेळी तिनं माझा कोंडा घ्यायचा. तिनं घेतला, सिंकपाशी जाऊन भिजवला, आमच्या डोळ्यांदेखत पिळला. तापवला. आयोडीन टाकलं. पिवळी.

माझ्याच कोंड्यातलं एन्झाइम तिच्या हातात जिवंत राहिलं होतं.

"काय घातलंस?" मी विचारलं.

"काहीच नाही, ताई. नळाचं पाणी."

"डिस्टिल्ड वॉटर सोडून नळाचं? लॅबमध्ये?"

"सकाळी दोन्ही कॅन तुम्ही नेता ना. मला उरतच नाही. नव्या माणसानं कुठे तक्रार करायची, म्हणून मी आपली नळाला येणाऱ्या बोअरच्या पाण्यावर भागवते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी काचेच्या कपाटाकडे पाहिलं.

आमच्या बोअरचं पाणी जड. त्यात कॅल्शियम भरपूर, गीझरमध्ये पांढरा थर धरतो तेच. आमच्या या एन्झाइमला कॅल्शियम आधार देतं आणि गरम पाण्यातही त्याचा आकार विस्कटू देत नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम नसतंच. मी शुद्ध पाण्यात पिळून त्याचा आधार काढून घेत होते. खात्री म्हणून साहेबांनी माझ्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये चिमूटभर कॅल्शियम क्लोराइड टाकायला लावलं. ती ट्यूबही पिवळी राहिली.

सोमवारी मीटिंग झाली. ट्रे रूम केतकीला मिळाली. साहेब म्हणाले, प्लांटमध्ये बोअरचंच पाणी येणार, आणि त्या पाण्यावर काम केलेलं माणूस एकच आहे. मग सगळ्यांसमोर माझं कौतुकही केलं. म्हणाले, "आत्तापर्यंत आपल्याला वाटत होतं केतकीबेनचा हात चांगला आहे. हातावर प्लांट चालत नाही. कारण सापडलं ते शैलाबेनच्या कंट्रोलमुळे." टाळ्या वाजल्या. सगळ्यात जोरात केतकीनं वाजवल्या.

ती आजही तिथे इन-चार्ज आहे आणि मला आजही ते बघवत नाही. नव्या मुलींना मी एवढंच सांगते: कुणाचा हेवा वाटला तर खुशाल जळा, पण कंट्रोल लावू नका. मी लावला नसता तर केतकी नुसती नशीबवान ठरली असती. मी तिला बरोबर ठरवलं.