मी करूला दिलेला लॅपटॉप

हे मी कुणाजवळही बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. विहारात डोळे मिटून बसते, तेव्हा स्वतःशीसुद्धा ते पुरतं बोलत नाही — मन तिथवर येतं आणि मी त्याला दुसरीकडे वळवते. तुला सांगतेय, कारण तू आमच्या नात्यातलं कुणी नाहीस. तू करूला पाहिलेलं नाहीस. तिला पाहिलेल्या माणसासमोर हे माझ्या तोंडून निघणार नाही, एवढं मला स्वतःबद्दल कळलंय.

करू म्हणजे करुणा. माझी मामेबहीण. मामाचं घर तळेगावच्या जुन्या गावठाणात. मामा तिथल्याच एका कारखान्यात मशीनवर, मामी घरी शिवणकाम करते. मला सख्खं भावंड नाही, त्यामुळे करू माझीच, असं मी लहानपणापासून सगळ्यांना सांगत आले. तिच्या वेण्या मी घातल्यात. तिला सायकल मी शिकवली. हे आधी सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी तिचा दुस्वास करत होते. नाही करत. आजही नाही. मग असं कसं झालं? — हाच तर प्रश्न आहे. त्याचं उत्तर मला सापडलं तेव्हा मी हादरले होते, कारण ते फार क्षुल्लक होतं.

आमच्या नात्यात ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसून काम करणारी पहिली मी. चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी कंपनी आहे, तिथं क्वालिटी विभागात. सकाळी चिंचवडहून कंपनीची बस, संध्याकाळी परत. कुणाचा मोबाइल अडला, कुणाचा ऑनलाइन अर्ज भरायचा राहिला, की घरोघर एकच वाक्य — सुजाताला विचारा. मला ते आवडायचं. आवडायचं कसलं, त्याची चटक लागली होती मला.

बारावीनंतर करूला कॉम्प्युटरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला. कॉलेज चिंचवडच्या बाजूचं. आता लॅपटॉप घ्यायला हवा. कॉलेजच्या कामाला तर हवाच, पण घरातही पहिलाच म्हणून सगळ्यांना उपयोगी पडेल असा. मामाचा फोन आला, "सुजाता, तू म्हनशील त्योच घिऊ. आमाला काय कळतंय त्यातलं?" मी रजा टाकून गेले. अगदी तयार होऊन गेले — कुठला घ्यायचा, कुठला नाही, हे सगळं मामाला कसं समजावून सांगायचं ते मनात घोळवत.

दुकानात निराळंच झालं. विक्रेत्यानं करूला विचारलं, कशासाठी हवाय. आणि ती बोलायला लागली. कुठला प्रोसेसर, किती रॅम, पुढं रॅम वाढवता येते का, बॅटरी किती वेळ चालते, कीबोर्डच्या कळा मऊ आहेत की टणक. दोन-तीन लॅपटॉप उघडून तिनं प्रत्येकावर टाइप करून पाहिलं. वजन हातात घेऊन पाहिलं, कारण रोज लोकलनं येणं-जाणं होतं. सगळं नीट वाचून, विचारून आली होती. विक्रेता तिच्याशी बरोबरीनं बोलत होता. मामा तिच्याकडे बघत होता — त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी याआधी माझ्याकडे बघताना पाहिलेलं. माझ्याकडे कुणी वळलंसुद्धा नाही. मी एका बाजूला खांद्याला पर्स लावून उभी.

करूनं एक पसंत केला. मामा म्हणाला, जरा चहा घेऊन येतो, मग बोलू. बाहेर फुटपाथवर आलो, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "नवीन कशाला? माझाच घे की. मला आता कंपनीनं दिलाय. माझा नुसता पडून आहे. कॉलेजला आणि घरी वापरायला झकास आहे."

करूनं वळून दुकानाकडे पाहिलं. तिला दुकानातला आवडला होता, मला दिसत होतं. पण मामाचा चेहरा असा मोकळा झाला! तिथंच रस्त्यात त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भाची असावी तर अशी," म्हणाला. झालं. पुन्हा सगळे माझ्याकडे बघायला लागले होते.

आता — इथवर चूक काय? काहीच नाही ना? जुनी वस्तू बहिणीला दिली. लोक देतातच.

माझ्या त्या लॅपटॉपचा टचपॅड वर आला होता. झाकण नीट मिटत नव्हतं, मागचं अंग पोटुशीसारखं फुगलेलं. दुकानात जायच्या आधीच मी तो चिंचवड स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीवाल्याला दाखवला होता. त्यानं मागचा भाग उघडला आणि हात मागे घेतला. म्हणाला, "मॅडम, बॅटरी फुगलीये. हा चार्जिंगला लावू नका. कधी पेट घेईल सांगता येत नाही. नवीन बॅटरी मागवतो, आली की फोन करतो."

म्हणजे मला माहीत होतं. ऐकलंस ना? मला माहीत होतं.

फुटपाथवर बोलून गेले तेव्हा वाटलं होतं, बॅटरी बदलून मगच देऊ. खरंच वाटलं होतं. पण मामानं दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना फोन करून सांगितलं, आणि त्या रविवारी करूच्या प्रवेशाचं म्हणून घरी जेवण ठेवलं. रिकाम्या हातानं जाऊन 'थांबा, तो बिघडलाय' म्हणायचं? मी मागचे स्क्रू घट्ट आवळले. वरून रंगीत स्टिकर चिकटवला. टचपॅड तळव्यानं दाबून बसवला. आणि नव्या बॅगेत घालून नेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी करूबरोबर फोटो काढले.

आठवडाभरात करूचा फोन, "ताई, हा टेबलावर ठेवला की डुगडुगतो गं. खालून फुगल्यासारखा वाटतो."

मी म्हणाले, "जुना आहे ना. तसं होतं. वापर बिनधास्त."

बिनधास्त म्हणाले मी.

पुढं दुरुस्तीवाल्याचाही फोन आला — बॅटरी आलीये, लॅपटॉप घेऊन या. मी कंपनीच्या बसमध्ये होते. बाहेर कांद्याचे ट्रक अडकलेले, बस जागची हलत नव्हती. मी म्हणाले, "नको आता, मी तो वापरत नाही." फोन ठेवला आणि शेजारच्या मैत्रिणीशी डब्याबद्दल बोलायला लागले. करूकडून तो परत मागायचा तर कारण सांगावं लागणार होतं. कारण सांगायचं तर टाळ्या परत द्याव्या लागणार होत्या. एवढंच. याहून मोठं काही नव्हतं. एका पोरीचा जीव एका बाजूला आणि माझं नाव दुसऱ्या बाजूला — आणि मी ते मोजायलाही बसले नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. भर दुपार. करूनं लॅपटॉप गादीवर चार्जिंगला लावला आणि ती जेवायला बसली. मामी सांगते, आधी फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज आला, मग घाणेरडा वास, आणि मग खोलीत धूर. गादीनं पेट घेतला होता. त्याच खोलीत मामीनं शिवायला घेतलेले लोकांचे कपडे होते, लग्नाच्या घरचे ब्लाउज होते. ते जळू नयेत म्हणून करूनं तो पेटलेला लॅपटॉप उजव्या हातानं उचलला आणि दारातून अंगणात फेकला.

नुसत्या हातानं.

मी पोचले तेव्हा ती दवाखान्यात होती. हात कोपरापर्यंत गुंडाळलेला. मामा कारखान्याच्या कपड्यांवरच आलेला. मामी, आई, शेजारची दोन माणसं. मी आत शिरले आणि सगळे माझ्याकडे वळले — कारण या गोष्टीतलं कळणारी मीच ना! मामा म्हणाला, "सुजाता, आसं कसं झालं गं?"

तू तिथं असतास किंवा असतीस, तर तुझ्या तोंडून काय निघालं असतं? मी गप्प राहिले असते, तरी एक वेळ आज तुझ्याकडे वर मान करून बघता आलं असतं. मी गप्प राहिले नाही. मी म्हणाले, "गादीवर ठेवून चार्जिंग केलं की तापतो तो. मी सांगितलं होतं तिला."

मी काहीही सांगितलं नव्हतं. कधीच. ते वाक्य माझ्या तोंडून इतकं सहज, इतकं शांत निघालं की मीच दचकले. कोण बोललं हे? मी वळून बघितलं असतं, मागे कुणी उभं असतं तर.

मामी तिथंच करूवर ओरडली. एवढं सांगून कळत नाही का, घर जाळलं असतंस. करू औषधाच्या गुंगीत होती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं — त्या नजरेत राग शोधला मी, नव्हता — आणि पुटपुटली, "सांगितलं असेल ताईनं. माझ्याच लक्षात राहिलं नाही."

त्या क्षणी बोलता आलं असतं. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी जाऊन अंगणातला तो काळा कोळसा मी उचलून आणला. म्हणाले, हे असं कचऱ्यात टाकायचं नसतं, मी बघते त्याचं. मामाला वाटलं, पोर किती करते आपल्यासाठी. मी तो भंगारवाल्याच्या गाडीवर टाकला आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत उभी राहिले.

करूचं ते वर्ष गेलं. मांडीची कातडी काढून हाताला लावली. दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. पण ती पोरगी चिवट — पुन्हा कॉलेजला गेली, डिग्री घेतली, आता पुण्यात नोकरी करते. उरलेल्या बोटांनी टाइप करते, माझ्याहून जलद. मी मनाशी म्हणू लागले होते, निभावलं. सगळं ठीक झालं. बघ, माणूस स्वतःला काय काय म्हणू शकतो.

मागच्या महिन्यात करूला बघायला पिंपरीची मंडळी आली होती. मुलगा साधा, बरा वाटला. पोहे देताना मुलाच्या आईचं लक्ष हाताकडे गेलं. तिनं हळूच विचारलं. आणि करू सांगू लागली. मी दारात उभी होते. ती म्हणाली, माझ्या निष्काळजीपणामुळं झालं. लॅपटॉप गादीवर चार्जिंगला लावला. मग माझ्याकडे बोट करून हसत म्हणाली, "ही माझी ताई. हिनं दोनदा बजावलं होतं. लॅपटॉप देताना म्हणाली होती, करू, गादीवर ठेवायचा नाही हं. मी ऐकलं नाही."

तिनं माझा आवाजसुद्धा काढून दाखवला. तिला ते आठवत होतं — जे झालंच नव्हतं ते! मी कधी बोलले, कुठं उभी होते, सगळं तिला दिसत होतं. मी दवाखान्यात एक वाक्य खोटं बोलले, आणि तिनं इतकी वर्षं ते जपून, त्याला हातपाय देऊन, स्वतःच्या डोक्यात खरं करून ठेवलं होतं. मुलाच्या आईनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी हसले. खोटं नाही सांगत, मी हसले.

चार दिवसांनी नकार आला. मुलगी चांगली आहे, पण जरा धांदरट वाटते, म्हणे. मामाचा मला फोन, "तू समजाव तिला. कशाला समदं सांगत बसती? गरम तेल सांडलं म्हनावं, बास. तुझं ऐकंल ती."

आणि मी समजावलं. ऐकतोयस ना — ऐकतेयस ना? मी तिला चिंचवडला घरी जेवायला बोलावलं, ताट वाढलं, आणि म्हणाले, करू, पुढच्या वेळी तेलाचं सांग. कोण तपासायला येतंय?

ती भाकरी मोडता मोडता थांबली. तिला राग आला नव्हता, जरा नवल वाटलं असावं. म्हणाली, "नको ताई. खोटं सांगून त्या घरात नांदायचं कसं? रोज त्याच माणसांसमोर बसून जेवायचं असतं ना?"

मी तिच्या समोरच बसले होते. तिनं वाटी पुढं केली, मी तिला आमटी वाढली. मग स्वतःला वाढून घेतली, आणि जेवले.