फुकटच्या विजेची सभा

धरणाचं पाणी खालून वर चढवून साठवणाऱ्या वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये मी नोकरी काढली आणि निवृत्तीनंतर नाशिकला राहायला आलो. पेठच्या बाजूला डोंगरात तसाच प्रकल्प येणार म्हणून एका गावात सभा ठेवली होती. माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली. तिचा फोन आला, "दादा, तू ये. ही माणसं काय बोलत्यात, कळत नाय."

शाळेच्या ओट्यावर कंपनीचा सल्लागार उभा होता. भर उन्हाळ्यात कोट घातलेला. घामानं कॉलर भिजली होती, पण ऐट उतरली नव्हती. "एकदा तलाव भरला की झालं! तेच पाणी वर, तेच पाणी खाली. फुकट वीज, कायमची!" त्यानंच आणलेल्या चार माणसांनी टाळ्या वाजवल्या.

बहीण उठली. भाजीचा मळा तिनं मोटारीवर पिकवलाय, पाणी उचलायला काय लागतं ते तिला ठाऊक. "वर चढवायला वीज कुठली?"

तो हसला. "ताई, ते टेक्निकल आहे."

ते हसणं मला सहन झालं नाही. मी उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, शंका शेवटी." मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, लोकांकडे वळून बोललो. दुपारी सोलरची वीज गरजेपेक्षा जास्त होते. तेव्हा ती वापरून खालच्या तलावातलं पाणी वरच्या तलावात चढवायचं. दिवेलागणीला सगळीकडून मागणी वाढली की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडायचं. दुपारी पंप असलेलं यंत्र तेव्हा उलटं फिरतं आणि वीज देतं. पण चढवायला लागली, त्याहून कमीच परत मिळते. म्हणजे हे विजेचं कोठार आहे. कोठारात धान्य पिकत नाही.

खाली बसलो तेव्हा मात्र स्वतःचीच लाज वाटली. केंद्र बघायला आलेल्या पाहुण्यांना मीही वर्षानुवर्षं "तेच पाणी, पुन्हा पुन्हा वीज" ऐकवून टाळ्या घेतल्या होत्या. चढवायला लागते त्याहून किती कमी वीज परत मिळते, ते कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. त्या कोटवाल्याहून मी फार वेगळा नव्हतो, एवढंच की मला धड माहिती होती.

बहिणीनं पुढचं विचारलं, "आमची जमीन कुठल्या तळ्यात जाते, वरच्या का खालच्या?"

"नकाशा अजून फायनल नाही," तो म्हणाला आणि माईकच्या वायरी गुंडाळू लागला. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, ते कोठाराचं छान होतं. पुढच्या गावात वापरू का?" मी चपला घालून चालू लागलो. असल्या माणसाला शिवी देणं म्हणजेही त्याला मान देणं होतं.

गावानं नकाशासाठी लेखी अर्ज दिला, पाठोपाठ खेटे घातले. महिन्याभरानं नकाशा आला. बहिणीला तो वाचता येईना, म्हणून मीच बोट ठेवून दाखवलं. विहीर, मळा, घर, सगळं खालच्या तलावात.

तिनं कागद स्वतःकडे ओढला.

"दादा, सभेत त्याला हे ठाऊक होतं?"

"होतं," मी म्हणालो. नकाशावरची तारीख सभेच्या आधीची होती.