धाकटी, मधली, थोरली

आमच्या दातांच्या दवाखान्यात हत्यारं सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणतात, डॉक्टरसुद्धा. ऑपरेशनच्या वेळी मी पेशंटच्या तोंडातलं पाणी ओढायची नळी धरते आणि ताईंची बोलणी खाते. ट्रेला नुसतं बोट लागलं तरी त्या वसकन अंगावर येतात.

जबड्यात नवा दात बसवायचा तर आधी हाडात भोक पाडावं लागतं. त्यासाठी पेशंटच्या दातांवर नेमका बसेल असा प्लॅस्टिकचा साचा करून घेतात. साच्यात धातूची कडी बसवतात, प्रत्येक ड्रिलच्या जाडीची वेगळी. ड्रिल त्या कडीतूनच जाणार, मनाला येईल तिकडे नाही. आधी बारीक ड्रिल, मग जाड, मग त्याहून जाड. कंपनीने त्यांना जाडीप्रमाणे आकडे दिले होते, ताईंनी नावं दिली: धाकटी, मधली, थोरली. त्या स्वतः तिघी बहिणींतल्या मधल्या. थोरली लग्न न होताच वारली होती. "मधलीला कोण विचारतंय," असं पुटपुटत त्या मधलं ड्रिल जरा जास्तच घासायच्या. हसता हसता डॉक्टरांच्याही तोंडी तीच नावं बसली.

मग खरी धाकटी आली, दाढ बसवून घ्यायला. "जपून हां सर, लाडावलेली आहे," ताईंनी डॉक्टरांना बजावलं. साचा आला, घालून पाहिला, चपखल बसला. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात झोपेतच तिचं हृदय थांबलं.

ताई कामावर परतल्या त्या दिवशी डॉक्टर हात पुढे करून म्हणाले, "दोन नंबर द्या."

बिचाऱ्यांनी ते नाव मुद्दामच टाळलं होतं. दोन नंबर म्हणजे दोन मिलिमीटरची, सगळ्यांत बारीक, धाकटीच. पण ताईंनी आकडे कधी लक्षातच ठेवले नव्हते. दोन नंबरची म्हणून त्यांनी मधली दिली. कडीत ती शिरलीच नाही, म्हणून निभावलं.

पेशंट गेल्यावर डॉक्टर म्हणाले, "ताई, थोडे दिवस घरी राहा. ट्रेचं दुसरं कुणी बघेल."

"घरी कोण आहे?" ताई म्हणाल्या. "मला इथंच राहू द्या, सर. आणि धाकटीला धाकटीच म्हणा. तिला हाक मारणारं दुसरं कुणी उरलं नाही."

मला रडू आवरेना. त्यावरूनही बोलणी खाल्ली.

पुढच्या ऑपरेशनला डॉक्टरांनी हात पुढे केला. मग हळूच म्हणाले, "धाकटी?"

"आहे," ताई म्हणाल्या आणि ती त्यांच्या हातात दिली.